साडेतीन कोअर केबलचा हिशेब आता जुळत नाही

नांदगाव पेठ (प्रतिनिधी) : विजेच्या नकाशावर नांदगाव पेठचे नाव ठळक आहे. येथील औद्योगिक परिसरात प्रत्येकी २७० मेगावॅटच्या पाच संचांचे, म्हणजे एकूण १३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याच परिसरात सूत, कापड व तयार कपड्यांचे कारखाने आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये देशातील सात ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानांची घोषणा केली, त्यांत अमरावतीचा समावेश झाला. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते अमरावतीच्या सुमारे १००० एकरांवरील उद्यानाची पायाभरणी झाली. पाणी कोठून येणार, रोजगार कोणाला मिळणार आणि विजेचा दर काय असणार, या प्रश्नांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र या कारखान्यांत जी केबल टाकली जाणार आहे, तिच्यातील एका तारेचा प्रश्न या चर्चेत कोठेच नसतो. ती तार म्हणजे न्यूट्रल.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तीन फेजच्या तीन तारा जितक्या जाड, तितकीच चौथी न्यूट्रलची तार जाड असावी की तिच्या निम्मी चालेल? या एका प्रश्नाच्या उत्तरावर केबलचे आयुष्य, यंत्रांची सुरक्षितता आणि काही प्रसंगी माणसांचे जीवही अवलंबून असतात. नियमांनी या प्रश्नाचे उत्तर बदललेले आहे. बाजाराची सवय मात्र बदललेली नाही.

साडेतीन म्हणजे काय?

महाराष्ट्राला साडेतीन हा आकडा मुहूर्तांमुळे आणि शक्तिपीठांमुळे परिचित आहे. वीज कंत्राटदारांना तो केबलमुळे ठाऊक असतो. तीन पूर्ण जाडीचे वाहक आणि चौथा साधारण निम्म्या जाडीचा, अशी रचना असलेल्या केबलला सर्वत्र ‘साडेतीन कोअर’ म्हणतात. फेजचा वाहक ३५ चौरस मिलिमीटरचा असेल तर न्यूट्रल १६चा, ५०ला २५, ७०ला ३५, ९५ला ५०, १८५ला ९५ आणि २४०ला १२०, अशा तिच्या ठरलेल्या जोड्या आहेत. मुख्य फलकापासून उपफलकापर्यंत ॲल्युमिनियमची साडेतीन कोअर केबल टाकणे ही आपल्याकडील इतकी रूढ पद्धत आहे, की अंदाजपत्रकात तिचा आकडा विचार न करताच लिहिला जातो.

ही पद्धत मुळात चुकीची नव्हती. तीन फेजमधील प्रवाह एकमेकांपासून एक-तृतीयांश आवर्तनाने मागे-पुढे असतात. तिन्हींवर सारखा भार असेल, तर कोणत्याही क्षणी त्यांची बेरीज शून्य होते आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. जिनिंगचे कारखाने, तेलघाण्या, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या हा वऱ्हाडाचा जुना भार होता. तो मुख्यत्वे तीन फेजच्या मोटारींचा. उरलेले पिवळे दिवे आणि पंखे तिन्ही फेजवर वाटून टाकले की न्यूट्रलला फक्त फरकाचा प्रवाह सोसावा लागे. त्यासाठी निम्मी तार पुरेशी होती आणि धातूची बचतही होत असे.

जो प्रवाह वजा होत नाही

गेल्या दोन-तीन दशकांत भाराचे स्वरूपच पालटले. संगणक, एलईडी दिवे, यूपीएस, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर तंत्राचे वातानुकूलन यंत्र या सर्व उपकरणांत वीज प्रथम एकदिश केली जाते. अशी साधी उपकरणे दाबाच्या लाटेबरोबर संथपणे प्रवाह घेत नाहीत. लाट शिखराजवळ आली की अल्पकाळ जोराने ओढतात आणि उरलेला वेळ गप्प राहतात. अशा भाराला तंत्रज्ञ ‘अरेषीय भार’ म्हणतात.

या तुटक ओढीमुळे ५० हर्ट्झच्या मूळ प्रवाहात त्याच्या पटीतील वारंवारितेचे प्रवाह मिसळतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांतील तिसरा, म्हणजे १५० हर्ट्झचा हार्मोनिक न्यूट्रलच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरतो. कारण सरळ आहे. मूळ प्रवाहाचे एक-तृतीयांश आवर्तन होते, तेवढ्या वेळात तिप्पट वारंवारितेच्या प्रवाहाचे नेमके एक पूर्ण आवर्तन होते. त्यामुळे तिन्ही फेजमधील तिसरे हार्मोनिक एकाच तालात चालतात. न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना छेदत नाहीत, तर त्यांची बेरीज होते. भार तिन्ही फेजवर अगदी काटेकोरपणे वाटला, तरीही या बेरजेत काही फरक पडत नाही.

अत्यंत तुटक प्रवाह घेणाऱ्या भारांत न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पूर्ण जाडीच्या न्यूट्रलमध्येही ती फेजच्या तारेच्या तिप्पट होईल. न्यूट्रल निम्म्या जाडीचा असेल तर त्याचा रोध दुप्पट, म्हणजेच उष्णता सहापट. ज्या तारेत काहीच प्रवाह नसतो असे गृहीत धरून ती बारीक ठेवली, तीच केबलमधील सर्वांत तापणारी तार होते.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. अमेरिकेत संगणकांचा प्रसार झाल्यावर १४६ संगणक केंद्रांच्या तीन फेज पुरवठ्याची पाहणी करण्यात आली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, २२.६ टक्के ठिकाणी न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या पूर्ण क्षमतेच्या प्रवाहापेक्षा अधिक होता. अमेरिकेच्या विद्युत संहितेने अरेषीय भाराच्या हिश्शापुरती न्यूट्रल बारीक करण्यास मनाई केली, ती याच अनुभवातून.

नांदगाव पेठचा भार कोणत्या जातीचा?

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सूतगिरणीतील मोठ्या मोटारींचा वेग राखणारे तीन फेजचे ड्राइव्हही अरेषीयच असतात. परंतु ते तीन फेजच्या तीन तारांवरच चालतात, न्यूट्रल वापरत नाहीत. त्यांच्यापासून प्रामुख्याने पाचवा व सातवा हार्मोनिक निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरला त्यांचा त्रास होतो, न्यूट्रलला नव्हे. म्हणून ‘कारखान्यात ड्राइव्ह आहेत, सबब न्यूट्रल दुप्पट करा’ असा सल्ला कोणी देत असेल, तर तो अर्धवट ज्ञानाचा आहे.

खरा प्रश्न तयार कपड्यांच्या विभागात आहे. शिलाई यंत्रांच्या जुन्या क्लच मोटारींची जागा सर्व्हो मोटारींनी घेतली. त्या वीज वाचवतात, आवाज करीत नाहीत आणि टाक्यावर नेमक्या थांबतात. मात्र त्यांतील बहुसंख्य मोटारी एका फेजवर चालतात आणि त्यांच्या नियंत्रकात एकदिशकारी यंत्रणा असते. अशा यंत्रांच्या रांगा तिन्ही फेजवर वाटल्या, प्रत्येक टेबलावर एलईडी दिवा लावला, छतावर एलईडी नळ्यांच्या ओळी टांगल्या आणि शेजारी संगणकावर चालणारी नक्षीकामाची यंत्रे ठेवली, की पाठ्यपुस्तकात शोभावा असा तिसऱ्या हार्मोनिकचा भार तयार होतो. नागपूर मार्गावरील सिटीलँड, बिझीलँड यांसारख्या घाऊक कापडबाजारांतही दुकानांचा मुख्य भार दिवे, संगणक आणि वातानुकूलन हाच असतो. तोही याच जातीचा.

दिव्यांच्या बाबतीत मानकांतच एक खाच आहे. २५ वॅटपेक्षा मोठ्या दिव्यांवर हार्मोनिकची मर्यादा कडक आहे. २५ वॅटपर्यंतच्या दिव्यांना मात्र आंतरराष्ट्रीय मानकातील एका पर्यायानुसार तिसरा हार्मोनिक मूळ प्रवाहाच्या ८६ टक्क्यांपर्यंत चालतो. एक दिवा घरात लावला तर त्याचे काही वाटत नाही. मात्र जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. दिवे बदलले, त्यांच्या मागची तार तीच राहिली. एलईडीने एकूण प्रवाह घटविला हे खरे आणि म्हणून घरगुती जोडण्यांत सहसा अडचण येत नाही. जेथे शेकडो लहान नळ्या एकाच केबलवर असतात, तेथे हिशेब वेगळा करावा लागतो.

नियम काय सांगतो?

वीज अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेले सुरक्षाविषयक विनियम प्रथम २०१० मध्ये आणि नव्याने जून २०२३ मध्ये लागू झाले. प्रत्येक वाहिनी व उपकरण पुरेशा क्षमतेचे असावे, हा त्यांचा दंडक आहे. न्यूट्रलच्या जाडीचा तक्ता मात्र त्यांत नाही. तो तपशील भारतीय मानकांवर सोपविलेला आहे. अंतर्गत वायरिंगचे मुख्य मानक म्हणजे आयएस ७३२. त्याची २०१९ची सुधारित आवृत्ती आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या पायावर उभी आहे.

त्या मालिकेचा नियम तिसऱ्या हार्मोनिकच्या प्रमाणावर चार पायऱ्यांत ठरतो. फेजचा प्रवाह १०० अँपिअर आहे असे मानून चार गाभ्यांच्या केबलचा हिशेब पाहू. तिसरा हार्मोनिक १५ टक्क्यांपर्यंत असेल तर केबल फेजच्या प्रवाहावरच निवडावी. १०० अँपिअरची पुरते. तो १५ ते ३३ टक्के असेल तर चारही गाभे तापतात, म्हणून केबलची क्षमता ०.८६ने घटवावी, १०० अँपिअरसाठी सुमारे ११६ अँपिअरची केबल लागते. ३३ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान निवड न्यूट्रलच्या प्रवाहावर करावी लागते आणि ०.८६चा गुणकही लावावा लागतो. हार्मोनिक ४० टक्के असेल तर न्यूट्रलमध्ये ४० गुणिले तीन, म्हणजे १२० अँपिअर वाहतील आणि केबल सुमारे १४० अँपिअरची लागेल. ४५ टक्क्यांच्या पुढे न्यूट्रल हाच एकमेव निकष. ५० टक्क्यांना १५० अँपिअर.

न्यूट्रल बारीक ठेवण्याची सवलत नियमाने पूर्णपणे काढून घेतलेली नाही. त्यासाठी अटी आहेत. भार समतोल असावा, तिसरा हार्मोनिक १५ टक्क्यांच्या आत असावा, न्यूट्रलला अतिप्रवाहापासून संरक्षण असावे आणि त्याची जाडी तांब्यात १६ व ॲल्युमिनियममध्ये २५ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. या शेवटच्या अटीवर आपली ३५ला १६ ही ॲल्युमिनियमची प्रचलित जोडी हार्मोनिक मोजण्यापूर्वीच नापास होते. शिवणयंत्रांच्या विभागाला ९५ला ५० अशी केबल टाकली, फेजमध्ये १०० आणि न्यूट्रलमध्ये १५० अँपिअर वाहू लागले, तर न्यूट्रलमधील उष्णता फेजच्या तारेच्या सव्वाचार पट होते.

त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. केबलच्या क्षमतेचे भारतीय तक्ते हवेचे तापमान ४० अंश धरून केलेले आहेत. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही आणि पत्र्याच्या छताखाली तो त्याहून वर असतो. ७० अंशांची मर्यादा असलेल्या पीव्हीसी केबलची क्षमता ४५ अंशांत सुमारे ९ टक्क्यांनी घटते. ही घट आणि ०.८६ हा गुणक एकत्र केले, तर १०० अँपिअरसाठी सुमारे १२८ अँपिअरची केबल हवी. मुंबई-पुण्याच्या हिशेबाने आखलेला आराखडा येथे जसाच्या तसा चालत नाही.

तार तापते, कोणास कळत नाही

फेजची तार तापली तर फ्यूज उडतो, ब्रेकर पडतो. न्यूट्रलच्या बाबतीत तसे होत नाही. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच नसावा, हा भारतीय वीज नियम, १९५६ पासूनचा दंडक आहे. तो योग्यच आहे, कारण एकटा न्यूट्रल तुटणे धोकादायक असते. पण त्यामुळेच नेहमीच्या तीन पोलच्या ब्रेकरला न्यूट्रलमधील अतिप्रवाहाची वार्ताच लागत नाही. आंतरराष्ट्रीय मानकाने यावर उपाय सांगितला आहे. हार्मोनिकमुळे न्यूट्रलची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असेल, तर न्यूट्रलचा प्रवाह मोजणारी व्यवस्था ठेवावी आणि मर्यादा ओलांडताच तिने फेज बंद करावेत. असे चार पोलचे ब्रेकर बाजारात मिळतात. अंदाजपत्रकात ते क्वचितच दिसतात.

तापलेला न्यूट्रल जोडाच्या ठिकाणी सैल होतो, काळवंडतो आणि एके दिवशी सुटतो. त्यानंतर काय होते, हे वऱ्हाडातील घराघराला ठाऊक आहे. ‘न्यूट्रल गेला आणि टीव्ही जळाले’ ही तक्रार जुनीच आहे. त्यामागचे गणित असे. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरील भार ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडले जातात. एका फेजवर दोन किलोवॅटचा आणि दुसऱ्यावर अर्ध्या किलोवॅटचा साधा भार असेल, तर जड भाराला अवघे ८० व्होल्ट मिळतात आणि हलक्याला ३२०. २३० व्होल्टवर चालणाऱ्या शिवणयंत्राचे नियंत्रक, संगणक आणि दिवे हे सोसू शकत नाहीत.

मीटरवरही याचा माग लागत नाही. उच्चदाब ग्राहकाची वीज सहसा ११ हजार व्होल्टच्या बाजूला मोजली जाते. कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरचे उच्चदाबाकडील वेटोळे डेल्टा जोडणीचे असते. समतोल भाराचा तिसरा हार्मोनिक त्या वेटोळ्यातच फिरत राहतो, ते तापवतो, पण पलीकडे जात नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१च्या विनियमांत वीज गुणवत्तेचा अंतर्भाव झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ती गुणवत्ता जोडणीच्या ठिकाणी पाहिली जाते. तेथे सर्व काही नियमात असताना आतील न्यूट्रल तापत असू शकतो.

तपासणीतील रिकामा रकाना

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्या आगीचा न्यूट्रलशी संबंध होता, असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा तपासणीचा आहे. आग विजेची असली की ‘शॉर्टसर्किट’ हा एकच शब्द पंचनाम्यापासून बातमीपर्यंत फिरतो. शॉर्टसर्किट का झाले, आवरण आधीच भाजून निघाले होते काय, कोणती तार सर्वाधिक तापली होती, हे प्रश्न त्या शब्दाखाली झाकले जातात.

नव्या जोडणीच्या वेळी इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा रोध मोजला जातो. त्या दिवशी भार सुरूच नसतो. साहजिकच न्यूट्रलमधील प्रवाह मोजता येत नाही. पुढे यंत्रे बसतात, दिवे लागतात, पण न्यूट्रल मोजण्यासाठी पुन्हा कोणी येत नाही. अधिसूचित दाबापर्यंतच्या जोडण्यांत तर मालकाच्या स्वयंप्रमाणनावरच काम भागते. मोजले तरी साधनाचा प्रश्न उरतो. स्वस्त टाँग टेस्टर शुद्ध लाटेसाठी बनविलेला असतो; तुटक प्रवाह तो बराच कमी दाखवतो. त्यासाठी ‘ट्रू आरएमएस’ मीटर लागतो.

वस्त्रोद्योग उद्यानात ही अडचण अधिक तीव्र होणार आहे. तेथे तयार गाळे देण्याची कल्पना आहे. केबल टाकणारा एक आणि ती वापरणारा दुसरा. गाळ्यात उद्या विणकाम येईल की शिलाई, हे केबल निवडताना ठाऊक नसते. विणकाम आले तर अर्धा न्यूट्रल चालून जाईल. शिलाई आली तर तो जळेल. नुकसान मात्र भाडेकरू उद्योजकाचे आणि तेथे रांगेत बसून काम करणाऱ्या कामगारांचे.

खर्च किती, धोका कोणाचा?

पूर्ण न्यूट्रलचा खर्च अवाच्या सव्वा आहे काय? ९५ चौरस मिलिमीटरच्या साडेतीन कोअर केबलमध्ये एकूण ३३५ चौरस मिलिमीटर धातू असतो, चार कोअरमध्ये ३८०. म्हणजे धातू सुमारे १३ टक्के अधिक. एकदा पुरलेली केबल उखडून नवी टाकण्याच्या तुलनेत हा फरक नगण्य आहे. अर्थात पूर्ण न्यूट्रल हाही प्रत्येक ठिकाणचा उपाय नव्हे. हार्मोनिक ३३ टक्क्यांपुढे असेल तर संपूर्ण केबलच न्यूट्रलच्या प्रवाहावर निवडावी लागेल. उलट पंप आणि तीन फेजच्या मोटारींना चार पूर्ण गाभे देणे हा अपव्यय होय. नियम हिशेब मागतो, सरसकट जाडी मागत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. भार निश्चित नसलेल्या प्रत्येक गाळ्याला पूर्ण न्यूट्रल हीच किमान अट निविदेत असावी. आराखड्यात तिसऱ्या हार्मोनिकचे गृहीत प्रमाण लिहिणे बंधनकारक असावे, म्हणजे तो प्रश्न कोणीतरी विचारला होता याची नोंद राहील. आणि भार सुरू झाल्यावर काही महिन्यांत, शक्यतो उन्हाळ्यात, न्यूट्रलचा प्रवाह ट्रू आरएमएस मीटरने मोजून तो आकडा अहवालात नोंदविला जावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या वीजतंत्री व तारतंत्री युवकांना हे मोजमाप शिकविणे कठीण नाही. त्यातून त्यांना येथेच काम मिळेल, हा आणखी एक लाभ.

नांदगाव पेठेत सध्या बरेच काही नव्याने उभे राहत आहे, ही जमेची बाजू आहे. जुन्या शहरांतील इमारतींत भिंती फोडून न्यूट्रल बदलावा लागेल. येथे तो पहिल्यांदाच नीट टाकता येईल. निविदांच्या कागदांवर ‘साडेतीन’ऐवजी ‘चार’ लिहिण्याची संधी केबल पुरली जाईपर्यंतच आहे. त्यानंतर हा हिशेब न्यूट्रल आपल्या पद्धतीने मांडील आणि त्याची किंमत ज्यांनी तो कागद कधी पाहिलाच नाही, त्यांना मोजावी लागेल.